काझीपदाची झूल आणि इब्न रुश्द

बाराव्या शतकातला इब्न रुश्द हा मूळचा तत्त्वज्ञ, आणि त्याचे काझीपद म्हणजे सनातन्यांच्या रोषापासून बचाव व्हावा म्हणून पांघरलेली झूल, असे मत एका लेखकाने नुकतेच मोठ्या खात्रीने मांडले आहे. ॲरिस्टॉटलवर भाष्ये लिहिणारा मनुष्य वजू, म्हणजे नमाजापूर्वीची शुद्धी, आणि वारसाहक्क यांचे नियम मनापासून अभ्यासील, हे या लेखकाला पटत नाही. आणि त्याचे न पटणे हाच त्याचा मुख्य पुरावा आहे.

झूलच पांघरायची असती तर ‘बिदायत अल्-मुज्तहिद’ हा ग्रंथ लिहिण्याचे कारण नव्हते. फिक्ह, म्हणजे इस्लामी विधिशास्त्र, यातील मालिकी पंथात इब्न रुश्द वाढला. पण या ग्रंथात तो हनफी, शाफिई, हनबली, जाहिरी अशा सर्व पंथांची मते मांडून, आधार तेच असताना निर्णय वेगळे का झाले, याचे कारण प्रत्येक प्रश्नापाशी शोधतो. वली, म्हणजे वधूचा पालक, याच्या संमतीविना विवाह वैध ठरतो काय, या प्रश्नावर पंथप्रवर्तक मालिक आणि शाफिई ‘नाही’ म्हणतात, हनफी पंथाचा प्रवर्तक अबू हनीफा स्त्रीला मोकळीक देतो, आणि इब्न रुश्द दोन्ही बाजूंची वचने तपासून ती निर्णायक नाहीत हे उघडपणे नोंदवतो. पुष्कळ निर्णय पाठ असणाऱ्यालाच फकीह, म्हणजे विधिज्ञ, समजणाऱ्यांना त्याने याच ग्रंथात फटकारले आहे: पुष्कळ जोडे साठवणारा हा चांभार नव्हे, कारण कोणताच जोडा न बसणारा पाय पुढे आला की शेवटी जोडा शिवणाऱ्याकडेच जावे लागते. नाइलाजाने न्यायासनावर बसलेला मनुष्य आपल्या विद्येच्या अधोगतीवर इतका चिडत नाही.

शिवाय ११९५ मध्ये त्याचे तत्त्वज्ञानाचे ग्रंथ जाळले गेले आणि त्याला लुसेनाला हद्दपार व्हावे लागले, तेव्हा या कथित झुलीने त्याचे कोणते रक्षण केले? धर्मपंडित अल्-गझालीच्या, तत्त्वज्ञांवर टीका करणाऱ्या एका ग्रंथाने इस्लामी तत्त्वज्ञान संपले, हा जुना दावाही न वाचता मत ठोकण्याच्या याच आळसातून जन्मला आहे. तत्त्वचिंतन आणि शरीअत यांना जन्मजात वैरी मानले की वाचनाचे कष्ट वाचतात.

इब्न रुश्दच्या ‘फस्ल अल्-मकाल’ या ग्रंथाचा आरंभीचा प्रश्नच विधिज्ञाचा आहे: तत्त्वज्ञानाचा अभ्यास शरीअतीच्या दृष्टीने अनुज्ञेय, निषिद्ध की बंधनकारक? पात्र माणसाला तो बंधनकारक आहे, हे त्याचे उत्तर आहे, आणि ते सेव्हिल व कोर्दोबा येथे न्यायदान केलेल्या काझीने दिलेले आहे.