आमच्या मागें त्याचें कोण?

शाळेच्या वार्षिकांत सहलींचीं वर्णनें, निबंध आणि क्रीडांगणावरील विजयाच्या वार्ता वाचावयाच्या असतात; तेथें मृत्युपत्र, पालकत्व आणि राहत्या घराचा हक्क यांविषयीं लेख कां यावा, असें आमच्या कांहीं वाचकांस वाटेल. परंतु ज्या घरांतून आमचे विद्यार्थी रोज सकाळीं दप्तर घेऊन निघतात त्यांपैकीं कांहीं घरीं एक मूल असें असतें कीं जें या शाळेंत येत नाहीं. विसाव्या वर्षींही त्याच्या सदऱ्याचीं बटणें कोणीतरी लावावीं लागतात. रस्ता ओलांडतांना तें कोणाचा तरी हात शोधतें. त्या घरचे आईबाप रात्रीं दिवा मालविल्यावर एकच प्रश्न एकमेकांस विचारतात आणि बहुधा उत्तर न देतांच कूस बदलतात. आपल्या मागें त्याचें कोण? कोणाच्या घरच्या दुःखास बोट लावण्याचा आमचा हेतु नाहीं. पण हा प्रश्न केवळ अंधारांत विचारण्याचा नव्हे. तो दिवसा, कागद व लेखणी घेऊन, खुद्द त्या मुलाच्या समक्ष विचारण्याचा आहे, असें आमचें मत आहे.

पूर्वीं हा प्रश्न इतका उग्र नव्हता, आणि त्याचें कारण फारसें सुखाचें नाहीं. अशीं मुलें फार वर्षें जगतच नसत. 'डाऊन सिंड्रोम' घेऊन जन्मलेलीं माणसें अमेरिकेसारख्या संपन्न देशांतही १९८३ च्या सुमारास सरासरीनें पंचविशीपर्यंतच पोहोंचत. आज तेथें तीं साठीच्या घरांत जातात. वैद्यकानें दिलेलें हें वरदान आहे. परंतु त्यामुळें मूल आईबापांच्या मागें वीस, पंचवीस वर्षें राहणार, ही गोष्ट आतां नित्याची झाली. दुसरीकडे एकत्र कुटुंबाचा वाडा गेला. त्या वाड्यांत एखादा भोळा काका ओसरीवर बसून सारें आयुष्य काढी, आणि त्याला सर्वजण सांभाळीत असें अभिमानानें सांगण्याचा प्रघात आहे. सांभाळणें म्हणजे पुष्कळदां त्याच्याकडून पाणी भरून घेऊन उरलेलें अन्न त्याच्या पुढें ठेवणें एवढेंच असे, हेंही सांगितलें पाहिजे. तें असो. आज तिसऱ्या मजल्यावरील दोन खोल्या आहेत, दोघेंही नोकरीवर जातात, आणि ओसरी नाहीं.

पालकांस विचारावें तर बहुतेकांचें उत्तर तयार असतें: "त्याचा भाऊ आहे कीं!" किंवा "ताई त्याला टाकणार नाहीं." हें उत्तर ते देतात तेव्हां त्या भावाचें वय कित्येकदां बारा वर्षांचें असतें. विद्यार्थिमित्रांनो, तुमच्यापैकीं ज्यांच्या घरीं असा भाऊ वा बहीण आहे त्यांस आमचें म्हणणें लगेच कळेल. तुम्हांस कोणीं विचारलेलें नसतें, तुम्हीं होकार दिलेला नसतो. पण घरांत तुमचें नांव ठरून गेलेलें असतें. बारा वर्षांच्या मुलाकडून आजन्माचें वचन घेणें आम्हांस न्यायाचें वाटत नाहीं. तो पुढें नागपुरास नोकरी करील कीं दुबईस, त्याचा संसार कसा असेल, त्याची स्वतःची प्रकृति कशी राहील, यांतलें आज कांहींच ठाऊक नाहीं. शिवाय ज्या बहिणीच्या वांट्यास भावाची सेवा न विचारतां येते तिच्या मनांतील माया हळूहळू आटते, आणि दोष मात्र तिच्याच माथीं बसतो.

भावंडांचें कांहींच कर्तव्य नाहीं असें आम्ही म्हणत नाहीं. त्यांचें काम मोठें आहे, पण तें परिचारकाचें नव्हे. तें डोळ्यांचें आहे. अधूनमधून, आगाऊ न कळवितां, दारावर थाप मारून आंत जावें. ताटांत काय वाढलें आहे, अंगावरचे कपडे कोणाचे आहेत, दंडावर वळ तर उठला नाहीं ना, हें पाहावें. घटकाभर जवळ बसून हंसावें. असा एक तरी माणूस नसेल तर संगमरवरी इमारतही त्या मुलास सुरक्षित नाहीं.

आतां घराच्या कागदांकडे वळूं, कारण येथें गैरसमज फार आहेत. सहकारी गृहसंस्थेच्या अर्जावर नामनिर्देशित म्हणून मुलाचें नांव लिहिलें म्हणजे सदनिका त्याची झाली, असें शिकलेसवरलेले लोकही मानतात. तसें नाहीं. नामनिर्देशन म्हणजे मालकी नव्हे. ज्याचें नांव लिहिलें तो खऱ्या वारसांच्या वतीनें ती मालमत्ता सांभाळतो, एवढेंच. बरें, मृत्युपत्रानें सदनिका सर्वस्वी त्या मुलाच्या नांवें केली, तर ज्यास सहीचा अर्थ उमगत नाहीं त्याच्याकडून अंगठा उमटवून घेणारे निघतात. पुढें न्यायालयांत तो व्यवहार टिकणार नाहीं. पण न्यायालयांत जाणार कोण? उलट ती भावाच्या नांवें करून "तूं याला सांभाळ" असें तोंडी सांगितलें, तर भाऊ कितीही सज्जन असला तरी त्याच्या पश्चात् तें सांगणें त्याच्या वारसांस बांधीत नाहीं. म्हणून आम्हांस मधला मार्ग बरा वाटतो. १८८२ च्या न्यास कायद्याप्रमाणें खाजगी न्यास स्थापन करतां येतो; घराची मालकी न्यासाकडे ठेवावी, आणि त्यांत आजन्म राहण्याचा हक्क मुलास लिहून द्यावा. विश्वस्त एकच नसावा. तिघे असावे, त्यांतील एक तरी तरुण आणि एक तरी नात्याबाहेरचा. वकिलाची फी द्यावी लागते, हें खरें. लग्नाच्या मंडपास आपण त्याहून अधिक देतों.

मूल अठरा वर्षांचें झालें कीं कायद्याच्या दृष्टीनें आईबापही त्याचे पालक राहत नाहींत. ही गोष्ट अनेकांस प्रथम बँकेच्या खिडकीशीं कळते. स्वमग्नता, मेंदूचा पक्षाघात, बौद्धिक अपंगत्व व बहुविकलांगता असलेल्या व्यक्तींसाठीं १९९९ सालीं राष्ट्रीय न्यासाचा कायदा झाला, आणि आईबापांच्या मृत्यूनंतर अशा व्यक्तींचें रक्षण व्हावें हा त्याच्या उद्दिष्टांपैकीं एक उद्देश आहे. त्या कायद्याखालीं जिल्ह्यांत स्थानिक स्तर समिति असते. जिल्हाधिकारी तिचे प्रमुख असतात. ती अठरा वर्षांवरील व्यक्तीस पालक नेमून देते. या कायद्यांतील दोन गोष्टी आम्हांस विशेष मोलाच्या वाटतात. नेमलेल्या पालकानें सहा महिन्यांच्या आंत त्या व्यक्तीच्या मालमत्तेची यादी सादर करावयाची व पुढें दरवर्षीं हिशेब द्यावयाचा. आणि तो हयगय वा छळ करीत असेल तर आईबाप, नातेवाईक किंवा नोंदलेली संस्था त्यास दूर करण्यासाठीं अर्ज करूं शकते. म्हणजे डोळ्यांची गरज कायद्यानेंही ओळखली आहे. कागदावर तरी ओळखली आहे, असें म्हणूं. अर्ज करणारेंच कोणी उरलें नाहीं तर तें कलम पुस्तकांतच राहणार.

२०१६ च्या कायद्यानें याहून पुढें जाऊन सांगितलें कीं अपंग व्यक्तीस समाजांत राहण्याचा हक्क आहे, अमुकच ठिकाणीं राहिलें पाहिजे अशी सक्ती तिजवर नाहीं, आणि सरकारी गृहयोजनांत ४० टक्के वा अधिक अपंगत्व असलेल्यांसाठीं ५ टक्के राखीव जागा असावी. हल्लीं सरकारी कागदांत 'दिव्यांग' असें लिहितात. शब्द गोड आहे. कुलूपकिल्ली मिळाली म्हणजे तो अधिक गोड लागेल. केंद्र सरकारच्या नोकरांनीं येथें एक गोष्ट ध्यानांत ठेवावी: जें अपत्य अपंगत्वामुळें स्वतःची उपजीविका करूं शकत नाहीं त्यास कुटुंबनिवृत्तिवेतन आजन्म मिळूं शकतें, आणि त्याचें नांव नोकर हयात असतांनाच नोंदवून ठेवितां येतें.

पैसा आणि कागद झाले, म्हणजे घर झालें काय? ज्यांनीं या प्रश्नास खरोखर हात घातला त्यांच्या कामाकडे पाहिलें तर तसें दिसत नाहीं. केडगांवच्या मुक्ति सदनांत पंडिता रमाबाईंनीं अंध स्त्रियांसाठीं 'बार्तीमी सदन' काढलें, तें वाचन आणि हाताचें काम शिकविण्याचें घर होतें. मुंबईंत वकील दांपत्यानें १९४४ सालीं आपल्याच मुलीकरितां जी शाळा सुरू केली ती पुढें 'जय वकील' या नांवानें शेंकडों मुलांची झाली. बदलापूर येथें बौद्धिक अपंगत्व असलेल्या मुलांच्या पालकांनीं एकत्र येऊन 'आधार' ही प्रौढांच्या आजन्म निवासाची संस्था उभारली. आणि अमरावती जिल्ह्यांतील वझ्झर येथें शंकरबाबा पापळकर यांनीं टाकून दिलेलीं अपंग मुलें आपलीं म्हणून वाढविलीं, पित्याच्या जागीं स्वतःचें नांव दिलें, कित्येकांचीं लग्नें लावून दिलीं. २०२४ सालीं त्यांस पद्मश्री मिळाली, हें सर्वांस ठाऊक आहे. त्यांची मागणी मात्र तितकी कोणास ठाऊक नसते. बालगृह हें कायद्यानें अठरा वर्षांपर्यंतचें; त्यानंतर मुलानें बाहेर पडावयाचें. ज्यास आई नाहीं, बाप नाहीं व स्वतःचें नांवही सांगतां येत नाहीं, त्यानें अठराव्या वाढदिवशीं कोठें जावें? त्यास त्याच घरीं आजन्म राहूं द्यावें, असा कायदा करा, असें ते वर्षानुवर्षें सांगत आले आहेत. आमच्या मतें त्या मागणीइतकी साधी व रास्त मागणी दुसरी नाहीं.

परदेशचेंही एक उदाहरण देतों, कारण तें संस्थेचें नसून एका गांवाचें आहे. बेल्जियम देशांत गील नांवाचें गांव आहे. तेथें संत डिंफ्ना हिच्या देवळाकडे मध्ययुगांत मनानें व बुद्धीनें अधू असलेल्यांस घेऊन यात्रेकरू येत. देवळाजवळ जागा पुरेना, तेव्हां गांवकऱ्यांनीं त्यांस आपापल्या घरीं ठेवून घेण्यास आरंभ केला. १९३० नंतरच्या दशकांत असे पाहुणे तीन हजारांवर गेले होते. आतां ती संख्या पुष्कळ घटली आहे, पण प्रथा मोडलेली नाहीं. कित्येक घरीं यजमान वारला कीं त्याचा मुलगा त्याच पाहुण्यास पुढें सांभाळतो. शेजारी त्या पाहुण्यांस नांवानें ओळखतात. दूर डोंगरापलीकडे, स्वस्त जमिनीवर बांधलेल्या मोठ्या वसतिगृहापेक्षां त्याच गल्लींतील, त्याच वाण्याच्या ओळखीचें, चौघा-पांचांचें लहान घर आम्हांस अधिक पसंत आहे, तें याचसाठीं. महाग पडेल. चार कुटुंबांनीं मिळून केलें तर कमी महाग पडेल.

आणि येथें आमचें मुख्य म्हणणें येतें. तें नवें घर कोणतेंही असो, मुलानें तेथें आईबाप जिवंत असतांना जावयास लागावें. आज बहुधा काय घडतें? आई जाते, त्याच आठवड्यांत मामा किंवा काका येऊन मुलास गाडींत बसवितात. आई, अंथरूण, खिडकी, गल्लींतला कुत्रा, सकाळची भाजीवाली, सारें एकाच दिवशीं नाहींसें होतें, आणि ज्यास 'मेली' या शब्दाचा अर्थ कळत नाहीं त्यास वाटतें कीं आपण कांहीं अपराध केला म्हणून आपणांस घालवून दिलें. मग तें जेवत नाहीं, ओरडतें, आणि लोक म्हणतात कीं तें चिडखोर आहे. याऐवजीं विसाव्या वर्षापासून महिन्यांतून दोन रात्री, मग आठवडा, मग पावसाळाभर तेथें राहावें, आणि रविवारीं आईकडे जेवावयास यावें. आईस तें जड जातें, हें आम्ही जाणतों. पण मुलास काय आवडतें, कोणाशेजारीं निजावयाचें आहे, कोणाची भीति वाटते, हें विचारावयास व उत्तराची खूण ओळखावयास त्या वेळीं ती जवळ असते. नंतर तें कोण ओळखणार?

म्हणून प्रत्येक अशा घरीं एक वही असावी, असें आम्ही सुचवितों. औषधांचीं नांवें व डॉक्टरांचा पत्ता तींत येईलच. पण तेवढ्यानें भागत नाहीं. भात कालवून दिला तरच तो जेवतो. पंख्याच्या आवाजास भितो. 'ऊठ' म्हटलें तर उठत नाहीं, हात पुढें केला तर उठतो. कान ओढूं लागला म्हणजे दांत दुखत आहे असें समजावें. डाव्या बाजूनें कोणी एकदम आलें तर घाबरतो. हीं वाक्यें कोणत्याही वकिलास लिहितां येणार नाहींत. तीं आईच्या डोक्यांत असतात आणि तिच्याबरोबर जातात. आईस लिहिण्यास फुरसत नसेल, किंवा लिहितां येत नसेल, तर येथें आमच्या विद्यार्थ्यांचें काम आहे. तुमच्या अक्षराविषयीं आम्ही वर्षभर तक्रार करीत असतों. या वहींत तें कसेंही चालेल. आई सांगेल तें लिहा, तारीख घाला, आणि दर सहा महिन्यांनीं पुन्हां विचारून खोडा व सुधारा.

ज्यांचें मूल आज सोळा-सतरा वर्षांचें आहे त्यांनीं जन्माचा दाखला, अपंगत्वाचें प्रमाणपत्र, आधारपत्र व घराचे कागद या उन्हाळ्याच्या सुटींतच एका पिशवींत गोळा करावे. पालकत्वाचा अर्ज अठरावें वर्ष पूर्ण झाल्यावर द्यावयाचा असतो, आणि एखाद्या दाखल्यावरील नांवाची वेलांटी चुकलेली असेल तर ती दुरुस्त करून घेण्यासच कित्येक महिने जातात.