हिशेब घरचा : कळप बरा की कप्पा?



डुक्कर म्हटले की लोक नाक मुरडतात. जातिव्यवस्थेने काही समाजांच्या माथी हे काम मारले आणि पुन्हा त्याच कामावरून त्यांना हिणवले. नागराज मंजुळे यांच्या 'फँड्री' (2013) चित्रपटात हे साऱ्या महाराष्ट्राने पाहिले. आज तेच वराहपालन सरकारी योजनेत आले आहे. राष्ट्रीय पशुधन अभियानात 2021 मध्ये त्यासाठी 50 टक्के भांडवली अनुदान ठेवण्यात आले. 100 माद्यांच्या युनिटला कमाल 30 लाख रुपये. उरलेली रक्कम मात्र स्वतःची किंवा कर्जाची. म्हणून या धंद्यात उतरू पाहणाऱ्या तरुणाने पहिली वीट रचण्यापूर्वी एक प्रश्न सोडवावा. जनावरे एकत्र ठेवायची की एकेकटी?

नुसती वाढ पाहिली तर कप्प्यात एकटे ठेवलेले डुक्कर सहसा जास्त खाते आणि लवकर वजन धरते. कारण साधे आहे, खाण्यावरून भांडण नाही. कळपात आधी थोरला कोण हे ठरते. अनोळखी पिल्ले एकत्र सोडली की पहिले एक-दोन दिवस मारामारी चालते. दांडगी पिल्ले गव्हाण अडवतात, दुबळी मागे राहतात आणि वजनातली तफावत वाढत जाते. जागा अपुरी असेल तर एकमेकांच्या शेपट्या चावण्यापर्यंत मजल जाते.

मग सर्वांना वेगळे कप्पे द्यावेत काय? हिशेब मांडू. 10 डुकरांची एक रांग धरा. एकत्र ठेवली तर दोन लांब भिंती आणि दोन आडव्या भिंती पुरतात. वेगळी ठेवली तर आडव्या भिंती 11 लागतात. शिवाय 10 गव्हाणी, 10 ठिकाणी पाणी आणि 10 कप्प्यांची झाडलोट. वाढीत कमावलेले विटा आणि मजुरीत जाते. त्यात डुक्कर हा कळपाचा प्राणी. त्याला जन्मभर एकटे कोंडणे ही क्रूरताच. युरोपीय संघाने 2013 पासून गाभण माद्यांना, पहिले 4 आठवडे आणि विण्याआधीचा 1 आठवडा सोडून, कळपातच ठेवण्याचे बंधन घातले आहे.

तेव्हा मधला मार्ग धरावा. भारतीय मानकानुसार नर आणि विणारी मादी यांना स्वतंत्र कप्पा हवा. वाढत्या पिल्लांच्या एका कप्प्यात 30 पेक्षा जास्त जनावरे नसावीत. प्रत्येकाला छपराखाली 0.9 ते 1.8 चौरस मीटर, म्हणजे सुमारे 10 ते 19 चौरस फूट जागा आणि तेवढेच मोकळे आवार द्यावे. एका वेताची पिल्ले शक्यतो एकत्रच वाढवावीत, मध्येच परकी घालू नयेत. गव्हाण इतकी लांब असावी की सर्वांची तोंडे एकाच वेळी पोहोचतील. आजारी आणि अशक्त जनावरासाठी एक कप्पा रिकामा ठेवावा. दर पंधरवड्याला वजन करून वहीत लिहावे. कोण मागे पडले ते वही सांगते, नुसती नजर सांगत नाही.

पुण्यात मोकाट डुकरे महापालिका पकडून नेते. एका दिवसात घरचे सारे भांडवल जाते आणि वर शेजाऱ्यांचे शिव्याशाप. तेव्हा वस्तीच्या गल्लीत हा धंदा नको. जागा, परवानगी आणि पक्के शेड आधी. औंधला पशुसंवर्धन आयुक्तालय आहे, शिरवळला क्रांतिसिंह नाना पाटील पशुवैद्यक महाविद्यालय आहे. तेथे जाऊन विचारावे. विचारायला पैसे पडत नाहीत.

कोणताही धंदा हलका नसतो. हिशेबाशिवाय केलेला धंदा मात्र घर बुडवतो.