ताळेबंदात न दिसणारी खोट

बँकेत ताळेबंद तपासताना एक गोष्ट कळली : खर्च कमी केला की नफा लगेच दिसतो, त्यापायी झालेली खोट मात्र उशिरा उमगते. वृत्तपत्रांचेही तसेच आहे.

डिसेंबर २०२० मध्ये टाइम्स समूहाने ‘पुणे मिरर’ हे आपल्या शहराचे इंग्रजी दैनिक बंद करण्याचे जाहीर केले. परदेशातही हेच. न्यूयॉर्क टाइम्सने २०२२ मध्ये ‘द ॲथलेटिक’ ही क्रीडावृत्तसंस्था ५५ कोटी डॉलरना विकत घेतली आणि पुढील वर्षी स्वतःचा क्रीडाविभागच मोडला. अनेक आवृत्त्यांना एकच क्रीडापान पुरवले, की वेतन वाचते. पण त्या पानावर क्रिकेटचा मोठा सामना येतो, मुळशीतल्या यात्रेतील कुस्ती येत नाही.

माणमध्ये आज आयटी पार्कचा तिसरा टप्पा उभा आहे. बालेवाडीचे क्रीडासंकुलही फार दूर नाही. परंतु इथल्या तालमीतल्या मुलाने मैदान मारले, तर ते छापणार कोण? तालुक्याच्या बातमीदाराने लिहिलेल्या चार ओळींचे कात्रण वस्ताद जपून ठेवत. ते दाखवून पोराच्या खुराकासाठी एखादा आश्रयदाता मिळे. मोबाइलवरील चित्रफीत आठवड्यात विस्मरणात जाते.

उपाय काही अंशी आपल्याच हाती आहे. दिवाळीच्या आणि वर्धापनदिनाच्या जाहिराती आपण व्यापारीच देतो. त्या देताना स्थानिक क्रीडावृत्ताची आग्रहाने मागणी करावी. गिऱ्हाईक मागते तो माल दुकानदार ठेवतोच. हे आपल्याला कोणी शिकवायला नको.