गाण्यांची तयारी घरी, नजर रस्त्यावर



मोटारसायकलवरच्या गाण्यांशी आपला काय संबंध, असं काही जणी विचारतील. संबंध आहे. वरवट बकालहून शेगावला, जळगाव जामोदला किंवा खामगावच्या बाजाराला निघणारी गाडी आपल्याच घरची असते. चालवणारा मुलगा, दीर किंवा जावई असतो आणि मागच्या सीटवर पुष्कळदा आपणच असतो. हल्ली पोरं हँडलला दोन छोटे स्पीकर आणि पेन ड्राइव्हचा स्टिरिओ बसवून घेतात. घरातली मोठी माणसं म्हणतात, काढून टाक. पोरं म्हणतात, वाजू द्या ना. माझं मत असं की, वाजवायचंच असेल तर त्याची सगळी तयारी घरी, गाडी उभी असताना झाली पाहिजे. चालत्या गाडीवर बटणं दाबत गाणं शोधणं मला मुळीच मान्य नाही.

यामागे साधा हिशोब आहे. ताशी 50 किलोमीटर वेगात गाडी एका सेकंदाला जवळजवळ 14 मीटर जाते. गाणं बदलायला तीन सेकंद खाली पाहिलं की सुमारे 42 मीटर रस्ता न बघता पार झाला. तेवढ्यात म्हैस आडवी येते, कापसाचा ट्रक वळतो, खड्डा लागतो.

आता तयारी कशी करायची ते सांगते. कॉम्प्युटर येणाऱ्या नातवंडाला शेजारी बसवा, पण काय करायचं ते तुम्हाला ठाऊक असू द्या.

पहिलं काम पेन ड्राइव्हचं. असे बरेच स्टिरिओ फक्त फॅट 32 या पद्धतीने फॉरमॅट केलेला पेन ड्राइव्ह वाचतात. 64 जीबीचे मोठे पेन ड्राइव्ह बहुधा एक्सफॅट पद्धतीचे येतात, ते लावले की स्टिरिओ गप्प बसतो. मोठ्याची गरजही नाही. 128 केबीपीएस दर्जाच्या एमपी 3 गाण्याला मिनिटाला साधारण 1 एमबी जागा लागते. चार मिनिटांची 25 गाणी म्हणजे 100 मिनिटं, म्हणजे 100 एमबीच्या आतबाहेर. 8 जीबीचा साधा पेन ड्राइव्ह 130 तासांहून जास्त पुरतो. फॉरमॅट करताना आतलं सगळं पुसलं जातं, म्हणून लग्नाचे फोटो आधी दुसरीकडे ठेवा.

दुसरं काम फाइलच्या प्रकाराचं. एमपी 3 हा प्रकार जर्मनीतल्या फ्राउनहोफर संस्थेच्या संशोधनातून आला आणि 1995 मध्ये त्याला हे नाव मिळालं. आज तो जवळपास प्रत्येक स्टिरिओला समजतो. पण व्हॉट्सअॅपवर आलेला आवाज बहुधा ओपस प्रकारचा असतो आणि मोबाईलवर रेकॉर्ड केलेलं भजन पुष्कळदा एम 4 ए असतं. ते ऑडॅसिटीसारख्या मोफत प्रोग्राममध्ये उघडून एमपी 3 करून घ्यावं लागतं. गाण्यांच्या अॅपवर 'डाउनलोड' केलेली गाणी मात्र पेन ड्राइव्हवर जात नाहीत. ती त्या अॅपपुरतीच कुलूपबंद असतात. म्हणून घरातल्या जुन्या सीडी, विकत घेतलेली गाणी आणि आपल्या मंडळात आपणच म्हटलेली भजनं, एवढंच घ्या. कुठल्याही साइटवरून फुकट उतरवलेलं गाणं म्हणजे दुसऱ्याच्या कष्टाचं न दिलेलं बिल. 1957 चा कॉपीराइट कायदा आहेच, पण आपल्या मनाचा हिशोबही चोख असावा.

तिसरं काम क्रमाचं. स्वस्त स्टिरिओ बहुतेक वेळा फाइली नावाच्या क्रमाने वाजवत नाहीत, ज्या क्रमाने कॉपी केल्या त्या क्रमाने वाजवतात. म्हणून नावाआधी 01, 02 असे आकडे घाला आणि एकेक करून त्याच क्रमाने कॉपी करा. देवनागरी नावं छोट्या पडद्यावर चौकोन होऊन दिसतात, म्हणून नावं इंग्रजी अक्षरांत लिहा. तासाभराचं प्रवचन एका फाइलमध्ये ठेवू नका. चावी बंद केली की काही स्टिरिओ ती फाइल पुन्हा पहिल्यापासून सुरू करतात. पाच-पाच मिनिटांचे तुकडे बरे.

चौथं काम आवाजाचं, आणि माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचं. एक गाणं हळू, दुसरं कर्कश असलं की हात सारखा बटणाकडे जातो. ऑडॅसिटीत सगळ्यांचा आवाज एका पातळीवर आणता येतो. हँडलवरच्या दोन स्पीकरमध्ये हातभराचं अंतर, तिथे स्टिरिओचा उपयोग फारसा नाही, मोनो करा. छोट्या स्पीकरला खोल ठेका झेपत नाही, तो नुसता फडफडतो, म्हणून बेस कमी करा. एवढं केलं की कमी आवाजातही शब्द स्वच्छ ऐकू येतात.

पोरं म्हणतात, ब्लूटूथ असताना ही खटपट कशाला? पेन ड्राइव्हवर कुणाचा फोन येत नाही, मध्येच जाहिरात लागत नाही, रेंज गेली म्हणून गाणं थांबत नाही. खिशातल्या मोबाईलकडे हात जायचं कारणच उरत नाही.

मोठ्यांच्या म्हणण्यातही तथ्य आहे, हे मी नाकारत नाही. बाजारातली गर्दी, पाऊस, पुढे बसवलेलं लेकरू, अशा वेळी स्टिरिओ बंदच हवा. मागच्या गाडीचा हॉर्न ऐकू आला नाही तर आवाज जास्त आहे असं समजावं. वाऱ्यावर मात करायला वाढवलेला आवाज गावात शिरताना तसाच राहतो आणि दुसऱ्यांच्या घरात घुसतो. 2000 सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांत राहत्या वस्तीसाठी दिवसा 55 आणि रात्री 45 डेसिबलची मर्यादा आहे, आणि दवाखाना, शाळा, कोर्ट यांच्याभोवती 100 मीटरपर्यंत शांतता क्षेत्र धरता येतं. आजारी माणसाची झोप मोडून आपण स्तवन ऐकवलं, तर त्यात पुण्य कसलं? स्तोत्राचा पाठ तर मी गाडीवर लावूच नये असं म्हणेन, तो बसून, मन लावून म्हणायचा असतो. हलकी भजनं, जुनी गाणी चालतील.

स्वयंपाकाला उभं राहण्याआधी कणीक मळून, भाजी चिरून ठेवायची सवय आपल्या हाताला आहे. तीच इथे वापरायची. रविवारी दुपारी तासभर काढा, 25 गाणी निवडा, एका पातळीवर आणा, क्रमाने भरा आणि पेन ड्राइव्ह 'इजेक्ट' करूनच काढा. मग अंगणात गाडी उभी असतानाच दोन गाणी वाजवून आवाज ठरवा. तो ठरला की शेगाव येईपर्यंत त्या बटणाला कुणी हात लावायचा नाही, असा घरात नियम करा. आणि मागच्या सीटवर तुम्ही असाल, तर तो पाळून घ्यायची जबाबदारी तुमची.