सोऱ्या त्यांचा, चकल्या आमच्या

फुकट मिळणाऱ्या वस्तूला कोणी पैसे मागितले की माणसे ओरडतात, आणि ओरडणाऱ्यांना ‘फुकटे’ म्हटले की वाद मिटतो, असा एक सोयीस्कर समज शिकल्यासवरल्या मंडळींत रूढ आहे. संगणकावर मराठी टंकण्याच्या साधनांविषयी कोणी तक्रार केली की हेच उत्तर तोंडावर फेकले जाते. “अहो, ज्याने ते साधन बनवले त्याला पोट नाही काय?” आहे. जरूर आहे. कादंबरी छापून झाल्यावर दोन-दोन वर्षे मानधनाची वाट पाहणाऱ्या माणसाला तरी हे शिकवायला नको. कारागिराने दाम मागावा, आणि घेणाऱ्याने तो द्यावा. या मुद्द्यावर माझे कोणाशी भांडण नाही. चोरून उतरवलेल्या प्रतींवर धंदा करणारे आमच्यात थोडेथोडके नाहीत, आणि त्यांची वकिली मी करणार नाही.

भांडण निराळेच आहे. वाचकहो, फराळाच्या दिवसांतलाच दाखला देतो. शेजारच्या काकूंनी चकल्या पाडायला आपला सोऱ्या दिला. पुढच्या वर्षी त्या म्हणाल्या, आता दहा रुपये भाडे पडेल. ठीक. परवडले तर द्यावे, नाही तर बाजारातून दुसरा आणावा. पण काकू जर म्हणू लागल्या की गेल्या वर्षी पाडलेल्या चकल्यांच्या डब्याचे झाकणही भाडे भरल्याशिवाय उघडणार नाही, तर? पीठ आमचे, तेल आमचे, चुलीपुढे घाम गाळला तो घरच्या बाईने. आणि डब्याची किल्ली काकूंच्या पदराला!

अमेरिकेत २००४ साली असाच एक दंगा झाला. बेन आणि मीना ट्रॉट या जोडप्याने २००१ साली रोजनिशीवजा लेखन संगणकावर प्रसिद्ध करण्याचे एक साधन काढले आणि त्याला नाव दिले ‘मूव्हेबल टाइप’, म्हणजे छापखान्यातले सुटे खिळे. दोघांच्या वाढदिवसांत सहा दिवसांचे अंतर, म्हणून त्यांच्या कंपनीचे नाव ‘सिक्स अपार्ट’. घरगुती वापराला साधन जवळजवळ मोफत होते. हजारो लोकांनी त्यात लिहिले. मे २००४ मध्ये तिसरी आवृत्ती आली तीच नव्या अटी घेऊन. मोफत प्रतीत एकच लेखक आणि मोजक्याच रोजनिश्या. जास्त हवे तर पैसे. मग जो गिल्ला झाला तो काही विचारू नका. कंपनीने थोड्याच दिवसांत अटी सैल केल्या, पुढे २००७ मध्ये साधनाची एक आवृत्ती मुक्तही केली. तोवर बरीच मंडळी ‘वर्डप्रेस’ या मुक्त परवान्याच्या साधनाकडे निघून गेली होती. आज जगातल्या दर पाच संकेतस्थळांपैकी सुमारे दोन या वर्डप्रेसवर चालतात.

या हकिगतीतून आमचे पंडित “फुकट्यांचा विजय” असे वाचतात. मला त्यात दुसरीच गोष्ट दिसते. ती माणसे निघून जाऊ शकली, ती कशामुळे? त्यांचे लेखन त्या साधनातून साध्या मजकुराच्या रूपात बाहेर काढता येत होते, आणि दुसरीकडे जसेच्या तसे भरता येत होते. डब्याचे झाकण उघडे होते, म्हणून काकूंना नमावे लागले.

मराठी लेखकाची कथा इथे वेगळी होते. जुन्या संगणकाला इंग्रजीच्या बेताची २५६ घरे ठाऊक. आमच्याकडच्या प्रत्येक अक्षर-कंपनीने त्या घरांत देवनागरीचे तुकडे आपल्या मर्जीने बसवले. एकीचा काना जिथे, तिथे दुसरीचा अर्धा स. त्यामुळे एका कंपनीच्या साधनात टंकलेली कविता दुसरीकडे उघडली की इंग्रजी अक्षरांचा आणि चिन्हांचा उकिरडा दिसे. भारतीय मानक संस्थेने १९९१ साली भारतीय लिप्यांसाठी सामाईक संकेत ठरवून दिला होता. त्याच वर्षी आलेल्या युनिकोडच्या पहिल्या आवृत्तीत देवनागरीला स्वतःची घरे मिळाली होती. तरी आमचा छपाईधंदा त्यापुढे कितीतरी वर्षे जुन्याच अक्षरांत अडकून राहिला. सगळा दोष कंपन्यांचा नव्हे, हे कबूल. पाने मांडायची पेजमेकरसारखी साधने युनिकोड देवनागरी ओळखतच नव्हती. पण ओळखू लागल्यावर तरी?

माझ्यापुरते सांगतो. माझी एक कादंबरी २००८ साली जिल्ह्याच्या ठिकाणी एका दुकानात टंकून झाली. त्या साधनाला डोंगल नावाचे कुलूप असे. ते संगणकाच्या पाठीला लावल्याशिवाय काही चालत नसे. पुढे संगणक बदलला, नव्या संगणकाला ती खोबणच नव्हती. कंपनी म्हणाली, नवी आवृत्ती विकत घ्या. दुकानदार म्हणाला, एका कादंबरीसाठी मी का घेऊ? परवान्याचा कागद मागून पाहिला. वीस पाने इंग्रजी, आमच्यासारख्या मॅट्रिक मास्तराला एकेका वाक्याशी कुस्ती. त्यात माझ्या मजकुराविषयी अवाक्षर नव्हते. कादंबरी माझी आहे हे सगळ्यांना मान्य. ती मला वाचता मात्र येत नाही.

आमच्या गेवराई तालुक्यातल्या माणसाला हा व्यवहार ओळखीचा वाटेल. मुकादमाकडून उचल घेऊन कोयता उसाच्या फडावर जातो. हंगाम संपला तरी अंगावरची बाकी संपत नाही. म्हणून पुढल्या वर्षी पुन्हा त्याच मुकादमाकडे. (ऊसतोडीचे दुःख टंकलेखनाच्या दुःखाशी तोलू नये, एवढे मलाही समजते. बांधून घेण्याची रीत तेवढी सारखी.)

आणि याच महाराष्ट्रात जावजी दादाजी होऊन गेले! निर्णयसागरचा टाइप ज्या छापखान्याने रोख मोजून घेतला, तो त्याचा झाला. खिळे झिजेपर्यंत त्याने पोथी छापावी, लग्नपत्रिका छापावी. दहा वर्षांनी ओतशाळेचा माणूस दारात येऊन “नवी आवृत्ती घ्या, नाही तर जुनी पोथी कोरी होईल” असे म्हणाला असता, तर कंपोझिटरांनी त्याला शाईच्या रुळासकट रस्त्यावर काढले असते. सुट्या खिळ्यांचे नाव घेऊन चाललेल्या अमेरिकेतल्या त्या धंद्याला ही आठवण कोणी करून दिली नसावी.

“आता कसली तक्रार? मुंबईच्या एक टाइपने काढलेले मुक्तासारखे सुरेख टंक मोफत मिळतात, फोनवर पोरेसुद्धा मराठी लिहितात.” खरे आहे, आणि त्या मंडळींचे उपकार आहेत. पण ते पुढच्या लेखनाचे झाले. मागच्या वीस-पंचवीस वर्षांचे काय? जिल्ह्याजिल्ह्यांतील स्मरणिका, गावांचे इतिहास, नवकवींचे पहिले संग्रह, आणि दिवाळी अंकसुद्धा, याच अक्षरांत कोंडलेले आहेत. रूपांतर करून देणारी साधने आहेत. पण जुन्या अक्षरांत पहिली वेलांटी व्यंजनाच्या आधी बसते, युनिकोडमध्ये नंतर. रफाराची तऱ्हा आणखी निराळी. रूपांतरात एक वेलांटी सरकली की ‘दिन’चा अर्थच पळतो. पुस्तकाचे पुन्हा पानन् पान वाचावे लागते, आणि त्या मुद्रितशोधनाचे पैसे कोणी देत नाही.

तेव्हा माझे मागणे दोन ठिकाणी आहे. ज्या कंपन्यांनी हे जुने टंक विकले, त्यांनी आपापल्या घरांचे नकाशे, म्हणजे कुठल्या आकड्याला कुठले अक्षर ते, बिनशर्त छापून टाकावेत. त्यावर आता त्यांचा धंदा उभा नाही, आमचे लेखन मात्र त्यावर अडले आहे. आणि प्रकाशकांनी करारपत्रात एक ओळ वाढवावी: छपाईनंतर महिन्याभरात लेखकाला त्याचा मजकूर युनिकोडमध्ये परत मिळेल. टंकनाचे दर त्यापायी थोडे वाढले तर वाढोत. दुकानदाराने पानाला पाच रुपये जादा मागितले तर मी घासाघीस न करता देईन. फक्त पेनड्राइव्ह हातात घेतल्यावर, त्याच्या दुकानातून उठण्यापूर्वी, शेजारच्या दुसऱ्या संगणकावर तो लावून पाहीन.