वाळवंटातली सहल : उन्हाचे वेळापत्रक, पाण्याचा हिशोब



खरिपाची रास घरात आली, फराळाचे डबे भरले, की घरातली पोरे एकच टुमणे लावतात, "यंदा कुठे जायचे?" पंढरपूर झाले, कोल्हापूर झाले, समुद्रही पाहून झाला. आता आपल्याकडची पुष्कळ कुटुंबे जोधपूरवरून पुढे जैसलमेरपर्यंत जातात. "वाळूचे डोंगर पाहायचे, उंटावर बसायचे," हा मुलांचा हट्ट. हट्ट चांगला आहे, पुरवावाही. पण वाळवंटातला दिवस आपल्याकडच्या सहलीसारखा आखला तर तो फसतो. बरोबर लहान मूल असेल तर अंगाशीही येतो.

ही चूक मी स्वतः केली आहे, म्हणून सांगते. नोव्हेंबर महिना होता. "इतक्या लांब आलोच आहोत तर सगळे पाहून घेऊ," असे म्हणून आम्ही एका दिवसात पाच ठिकाणे धरली. वारा वाहत होता, घाम कुणालाच आलेला दिसत नव्हता. ऊन फारसे नाही, असे मोठ्यांना वाटले. दुपारी तीनच्या सुमाराला सहा वर्षांची नात एकदम गप्प झाली. दमली असेल म्हणून आम्ही तिला मांडीवर घेतले. गाडी चालवणाऱ्या दादांनी मागे वळून पाहिले आणि विचारले, "पोरीने पाणी कधी प्यायले? लघवीला कधी गेली होती?" आम्ही एकमेकांच्या तोंडाकडे पाहत राहिलो. ती सकाळपासून गेलीच नव्हती. ओठ सुकले होते, डोळे आत गेले होते. दादांनी गाडी चहाच्या टपरीच्या सावलीला लावली, साखर-मीठ मागून घेतले आणि पाण्यात कालवून चमच्या-चमच्याने तिला पाजायला लावले. तासाभराने पोर बोलू लागली, तेव्हा आमच्या जिवात जीव आला. संध्याकाळी डॉक्टरांना दाखवले. पाचातली तीन ठिकाणे तशीच राहिली, आणि त्याचे कुणालाही वाईट वाटले नाही.

असे का झाले? कोकणात गेलो की घाम निथळतो, सदरा भिजतो, मग आपल्याला तहान आठवते. वाळवंटातली हवा इतकी कोरडी असते की घाम आला तसा उडून जातो. कपडा कोरडाच राहतो आणि अंगातले पाणी मात्र जात असते. मूल खेळण्यात रंगले की ते पाणी मागत नाही. म्हणून तिथला पहिला नियम हा, की तहानेची वाट पाहायची नाही. दर अर्ध्या तासाने सगळ्यांनी चार-चार घोट घ्यायचेच. माणशी निदान तीन लिटर पाणी गाडीत असावे, मुलांचेही धरून. मुलांनी लघवी केव्हा केली याकडे आईने लक्ष ठेवावे. पाच-सहा तास गेली नसतील, किंवा लघवी गडद पिवळी होत असेल, तर पाणी कमी पडते आहे असे समजावे.

आता दिवस कसा आखावा ते पाहू. आपण शेतकरी माणसे. वैशाखात कामे पहाटे उरकतो, दुपारी झाडाखाली पडतो, ऊन उतरले की पुन्हा रानात जातो. वाळवंटातली सहल अगदी तशीच आखावी. सकाळी एक ठिकाण, दुपारी विश्रांती, संध्याकाळी एक ठिकाण. तिसरे ठिकाण धरूच नये.

काळ नोव्हेंबर ते फेब्रुवारी हाच. एप्रिल-मेमध्ये तिथे पारा ४५ अंशांच्या घरात जातो, तेव्हा मुलांना नेऊच नये. दिवाळीच्या सुमारासही दुपार चांगलीच तापते. डिसेंबर-जानेवारीत दिवस सुखाचा असतो, पण सूर्य बुडाला की थंडी भरते. दुपारी टोपी आणि रात्री स्वेटर, दोन्ही एकाच पिशवीत हवे.

सकाळी सातला न्याहारी बांधून निघा आणि सुमारे १८ किलोमीटरवरच्या कुलधरा गावी जा. हे पालीवाल ब्राह्मणांचे गाव एकोणिसाव्या शतकात ओस पडले. जुलमी दिवाणाला कंटाळून लोकांनी एका रात्रीत गाव सोडले, अशी दंतकथा सांगतात. पाणी आटत गेले हेही एक कारण अभ्यासक देतात. तिथले लोक भुताखेतांच्याही गोष्टी रंगवून सांगतील. लहान मुलांच्या कानावर त्या घालू नका, रात्री झोपणार नाहीत. त्यापेक्षा त्यांना सरळ आखलेल्या गल्ल्या दाखवा. चूल कुठे असेल, गुरे कुठे बांधत असतील, हे त्यांनाच ओळखू द्या.

मग दादांना विचारून त्या परिसरातले एखादे खडीन पाहून घ्या. शेतकऱ्याच्या घरातल्या माणसाने हे पाहिल्याशिवाय परत येऊ नये. जैसलमेरला वर्षाचा पाऊस २०० मिलिमीटरच्या आसपास. एवढ्या पावसावर या लोकांनी शेकडो वर्षे गहू आणि हरभरा पिकवला. खडकाळ उतारावरचे पाणी वाहून खाली येते, तिथे मातीचा लांब बांध घालतात. पाणी बांधाच्या आत साठते, जमिनीत मुरते, पाण्याबरोबर आलेला गाळही तिथेच बसतो. पाणी ओसरले की त्या ओलीवर रब्बीची पेरणी. बरे पावसाचे साल असेल तर थंडीत तिथे हिरवे पीक उभे दिसते, आणि चारी बाजूंना माळ! मुलांना विचारा, "एवढ्या पावसात आपल्या शेतात काय पिकले असते?" ते उत्तर पुस्तकातल्या धड्यापेक्षा जास्त लक्षात राहील.

अकराच्या आत तिथून निघा. अकरा ते साडेतीन सावलीत राहायचे, शक्य तर मुक्कामावर परत यायचे. जेवणात दशम्या, दाण्याची चटणी, गुळाचा खडा, संत्री, केळी असे टिकणारे पदार्थ असावेत. तळलेले, मसालेदार नको, त्याने तहान वाढते. तिकडची बाजरीची भाकरी, कढी आणि केर-सांगरीची भाजी मुलांना जरूर चाखू द्या. सांगरी म्हणजे खेजडीच्या शेंगा, आणि खेजडी म्हणजे आपली दसऱ्याला पूजतो ती शमी. एवढे सांगितले की मुलांना ते झाड परके वाटत नाही.

साडेतीननंतर वाळूच्या टेकड्यांकडे निघा. समच्या टेकड्या जैसलमेरपासून सुमारे ४० किलोमीटरवर आहेत, तिथे संध्याकाळी गर्दी उसळते. खुडी गावच्या टेकड्या त्या मानाने शांत, मुलांना मोकळे सोडायला बऱ्या. उंटाचा दर चढण्याआधीच ठरवून घ्या. उंट उठताना आधी मागचे पाय उचलतो, त्यामुळे बसणारा पुढे फेकला जातो. बसतानाही तो पुढचे गुडघे आधी टेकतो. दोन्ही वेळा मागे रेलायचे आणि खोगिराची मूठ घट्ट धरायची, हे मुलांना आधीच शिकवा. लहानग्याला एकटे बसवू नका. वाळूवर गाड्या उडवत नेण्याचा जो खेळ चालतो, त्यात तर मुलांना मुळीच नेऊ नका.

वाळूत मूल हरवायला वेळ लागत नाही. एक टेकडी ओलांडली की पलीकडचे दिसत नाही, हाकही नीट पोचत नाही. म्हणून मुलांना लाल किंवा केशरी रंगाचे कपडे घाला आणि गळ्यात शिट्टी बांधा. "चुकलास तर शोधायला फिरू नकोस, आहेस तिथेच बस आणि शिट्टी वाजव," हे दोनदा म्हणवून घ्या. मोबाईलवर विसंबू नका, पुष्कळ ठिकाणी तो लागत नाही.

आणखी तीन गोष्टी सांभाळायच्या. वाळूवर लहान कलिंगडासारखी गोल फळे पडलेली दिसतात, ते कडू इंद्रावण. चाखू देऊ नका, पोटाला जबर लागते. रुईची झुडपे तिथेही आहेत, तिचा चीक डोळ्यांत जाता कामा नये. आणि आपल्या ओळखीचे फुरसे त्या वाळूतही असते, ते रात्री बाहेर पडते. अंधार पडला की पायांत बूट आणि हातात बॅटरी हवीच. डोळ्यांत वाळू गेली तर चोळू नये, स्वच्छ पाण्याने धुवावी.

सूर्य सहाच्या सुमारास मावळतो. त्या अर्ध्या तासात कुणीही फोटोसाठी मुलांना इकडे-तिकडे उभे करू नये. वाऱ्याने वाळूवर उमटलेल्या लाटा, किड्यांच्या पावलांच्या रेघा, लांब होत जाणाऱ्या सावल्या हे सारे त्यांचे त्यांना पाहू द्या. वाळूत घसरगुंडी खेळू द्या. कपडे मळतील, पण ते धुता येतात.

दुसरा दिवस हाताशी असेल तर सकाळी गडीसर तलाव पाहा. चौदाव्या शतकातला हा तलाव शेकडो वर्षे साऱ्या शहराला पाणी पाजत होता. तिथे मुलांना नावेत बसता येते. संध्याकाळी किल्ला पाहा. ११५६ साली रावळ जैसल यांनी वसवलेल्या या किल्ल्यात आजही माणसे नांदतात. तनोट आणि लोंगेवाला इथे १९७१ च्या लढाईच्या खुणा आहेत, पण तनोट सव्वाशे किलोमीटरच्या आसपास लांब. दहा वर्षांखालची मुले असतील तर तो बेत पुढच्या खेपेला ठेवावा.

शेवटी कात्रण करून ठेवावे असे. उकळून गार केलेले एक लिटर पाणी, सपाट सहा चहाचे चमचे साखर, सपाट अर्धा चमचा मीठ. मीठ जास्त नको. औषधाच्या दुकानातली पुडी मिळाली तर उत्तमच, तिच्यावर लिहिले तेवढ्याच पाण्यात कालवावी. पाणी घोट-घोट पाजावे. मूल सुस्तावले, अंग तापले, बरळू लागले किंवा ओकाऱ्या थांबेनात, तर घरगुती उपाय करत बसू नये. ओल्या फडक्याने अंग पुसत तडक दवाखाना गाठावा.

आम्ही पुन्हा गेलो तेव्हा दिवसाला दोनच ठिकाणे पाहिली. घरी आल्यावर नातीने परसातल्या उतारावर मातीचा बांध घातला आणि तांब्याने पाणी ओतून "माझे खडीन" म्हणून आजोबांना दाखवले. पाच ठिकाणांच्या त्या पहिल्या सहलीतले मात्र तिला काहीच आठवत नाही.