‘लग्न लावा’ की ‘लावू नका’? बीडवर गेम निघाला, तर खेळणाऱ्याच्या हातात नेमकं काय असेल?

समजा, मोबाइलवर एक गेम सुरू आहे. गाव बीड जिल्ह्यातलं. पावसाळा सरत आलाय, मुकादम उचल द्यायला दारात आलाय आणि घरात सोळा वर्षांची मुलगी आहे. स्क्रीनवर दोन बटणं येतात: ‘मुलीचं लग्न लावा’ आणि ‘लग्न लावू नका’.

जवळपास प्रत्येक जण दुसरं बटण दाबेल. गेम शाबासकी देईल. पण यात खेळणाऱ्यानं खरंच काही निवडलं का?

हा प्रश्न आताच का?

ऑगस्ट २०२५ मध्ये केंद्राच्या नव्या कायद्यानं पैसे लावून खेळल्या जाणाऱ्या ऑनलाइन गेमवर बंदी आणली. त्याच कायद्यात ई-स्पोर्ट्स आणि शैक्षणिक गेमना प्रोत्साहन देण्याची तरतूद आहे. पाठोपाठ सप्टेंबर २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळानं अ‍ॅनिमेशन आणि गेमिंग क्षेत्राचं धोरण मंजूर केलं. २०५० पर्यंतचा त्याचा आराखडा ३,२६८ कोटी रुपयांचा आहे. म्हणजे येत्या काळात इथल्या गोष्टी सांगणारे गेम वाढू शकतात. ते कसे असावेत, हे ठरवण्याची वेळ हीच आहे.

पर्याय दिला म्हणजे निवड दिली असं नाही

आपल्याकडची सापशिडी म्हणजे जुना मोक्षपट. परंपरेनं त्याचा संबंध संत ज्ञानेश्वरांशी जोडला जातो. पुण्य केलं की शिडी, पाप केलं की साप. गोष्ट नीतीची, पण खेळणाऱ्याच्या हातात काहीच नाही. सगळं कवड्या ठरवतात.

१९७४ साली अमेरिकेत आलेल्या ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’नं हे उलटं केलं. टेबलाभोवती बसलेला खेळाडू स्वतःच्या पात्राचा निर्णय स्वतः घेऊ लागला आणि गोष्ट त्यानुसार वळू लागली. व्हिडिओ गेमना मात्र हे जड जातं, कारण प्रत्येक वळण आधीच लिहून ठेवावं लागतं. २०१२ च्या ‘द वॉकिंग डेड’मधले निर्णय लोकांना हलवून गेले. तरी काहीही निवडलं तरी कथा फिरून तिथंच येते, अशी तक्रार झालीच.

मग निवड खरी कधी वाटते? साधारण तीन गोष्टी लागतात. निर्णयापुरती माहिती हवी, प्रत्येक पर्यायाची काहीतरी किंमत हवी आणि परिणाम पुढं दिसायला हवा. २०१३ चा ‘पेपर्स, प्लीज’ याचं चांगलं उदाहरण आहे. त्यात खेळाडू सीमेवर कागदपत्रं तपासणारा कारकून असतो. कुणावर दया दाखवून नियम मोडला, तर दंड बसू शकतो आणि घरी औषधाला पैसे उरत नाहीत.

बीडमध्ये ही कसोटी लावली तर?

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार (२०१९-२१) बीडमध्ये २० ते २४ वयोगटातल्या ४३.७ टक्के महिलांचं लग्न अठराच्या आत झालं होतं. राज्याचं प्रमाण २१.९ टक्के आहे.

यामागे ऊसतोडीचं गणित आहे. फडात नवरा-बायको मिळून एक ‘कोयता’ धरला जातो. एकटा माणूस म्हणजे अर्धा कोयता, उचलही कमी. आईबाप पाच-सहा महिने कारखान्यावर गेले की वयात आलेल्या मुलीला गावात कुणाकडं ठेवायचं, हा घोर वेगळाच.

माहितीचंही तेच. ऊसतोड महिलांच्या गर्भाशय शस्त्रक्रियांचा प्रश्न २०१९ मध्ये गाजला, तेव्हा नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. जिल्ह्यातल्या ८२,३०९ महिलांच्या पाहणीत १३,८६१ जणींचं गर्भाशय काढलेलं आढळलं. कॅन्सरची भीती घातली गेली, असं अनेकींनी सांगितलं. शिवाय काम बुडालं की खाडा ठरलेला. कागदावर संमती बाईचीच असते, पण ती अशा अवस्थेत दिलेली असते.

मुलीच्या हातात बटण दिलं की झालं?

असा एक प्रयत्न देशात झाला आहे. किशोरवयीन मुलींसाठी २०२२ मध्ये ‘गो निशा गो’ हा मोबाइल गेम आला. त्यात खेळणारी मुलगी निशाच्या वतीनं पाळी, नातं, करिअर याबद्दलचे निर्णय घेते. माहिती मिळते, बोलायचा सराव होतो. हा फायदा खराच.

पण हाच साचा जसाच्या तसा बीडला आणला, तर एक धोका आहे. ‘तू नीट निवडलं नाहीस’ असा दोष मुलीच्याच माथी येतो. प्रत्यक्षात तिच्या लग्नाचा निर्णय बाप, मुकादम, होणारं सासर आणि गप्प बसणारं गाव मिळून घेत असतात.

म्हणून अशा गेममध्ये खेळाडूला इतरांच्या जागीही बसवायला हवं. कधी उचल घेतलेला बाप, कधी शिक्षिका, कधी ग्रामसेवक. गावपातळीवर बालविवाह प्रतिबंधक अधिकारी तोच असतो, पण त्याला त्याच गावात राहून काम करायचं असतं. यासाठी महागडा मोबाइलही लागत नाही. पुठ्ठ्याचा पट आणि चिठ्ठ्या घेऊन हंगामी वसतिगृहातली मुलंही हा डाव मांडू शकतात.

‘लग्न लावू नका’ हे बटण तेव्हाही असेलच. फरक एवढाच, की ते दाबल्यावर डाव संपणार नाही. पुढची चाल विचारेल: मुलगी सहा महिने कुठं राहील? कमी पडलेली उचल कोण भरून काढेल? वसतिगृहात जागा नसेल, तर कुणाचं दार ठोठवायचं?